कीड शेवटी येते

दापोड्यात अंगणातलं झाड सुकायला लागलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात. कुठलं औषध मारायचं आणि किती मिली. झाडाला झालंय काय, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही, कारण त्याचं उत्तर घरात आधीच ठरलेलं असतं. "झाराला कीर लागली गो बाय," असं म्हणत घरातलं म्हातारं माणूस मला खोडापाशी घेऊन जातं आणि पुरावाही दाखवतं. करंगळी जाईल एवढं भोक, भोकाखाली साचलेला भुसा, ओघळून काळा पडलेला डिंक. म्हणजे भिरूड. आंब्या-फणसाचं खोड पोखरणारी ही अळी आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग आणखी चौकशी कशाला?

मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, तरी लोक झाड दाखवायला बोलावतात. त्या फिरतीवरून एक गोष्ट ठामपणे सांगते. आमच्या गोदामपट्ट्यात मरणाऱ्या बहुतेक जुन्या आंब्यांचा मारेकरी भिरूड नाही. भिरूड शेवटी येतो. त्याच्या आधी काही वर्षं तिथे भराव आलेला असतो.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली ही भिवंडी तालुक्यातली भाताची गावं. खाडीच्या अंगाची सखल, चिकण जमीन. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवला तर जकात लगेच भरावी लागत नसे, म्हणून इथे गोदामं आली. 2017 साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. मुंबई-ठाण्यात तुम्ही मोबाइलवर मागवलेला मिक्सर आमच्याच एखाद्या शेताच्या डोक्यावरून तुमच्या दारात येत असण्याची शक्यता बरीच आहे. आणि सखल जमिनीवर गोदाम बांधायचं तर आधी मुरूम हवाच. 26 जुलै 2005 चा पूर ज्याने पाहिला तो जोतं उंच घेणारच, त्यात त्याची चूक नाही. डंपर येतात, रोलर फिरतो, वर खडी, खडीवर काँक्रीट. शेताची पातळी दोन-तीन फुटांनी वर जाते.

या सगळ्याच्या कडेला, कुणाच्या परसात नाहीतर जुन्या बांधावर, एक रायवळ आंबा उभा असतो. तो तोडलेला नसतो. आजोबांनी लावलेला म्हणून, लोणच्याच्या कैऱ्या मिळतात म्हणून, हमालांना दुपारी बसायला सावली लागते म्हणून. शिवाय 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आहे, परवानगीच्या भानगडीत कोण पडणार? म्हणून मुरूम खोडाला टेकवून पसरला जातो आणि झाड राखलं याचं समाधान सगळ्यांना मिळतं. मालकालाही, शेजाऱ्यालाही, ग्रामपंचायतीलाही.

झाडाची मुळं पाताळात जातात असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. सोटमूळ जातंही खाली. पण अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भुसभुशीत मातीत ती मिळते, रोलरने दाबलेल्या मुरुमाखाली मिळत नाही. वर आमचा पावसाळा. सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, खालची जमीन चिकण, त्यामुळे पाणी भरावाखाली मुळांपाशी तुंबून राहतं. मुळं बाहेरच्या टोकाकडून कुजत आत येतात. झाड लगेच काही बोलत नाही. खोडात साठवलेल्या शिधोरीवर ते दोन वर्षं, चार वर्षं, कधी त्याहून जास्त काढतं. पानं लहान होतात. पालवी विरळ येते. शेंड्याकडच्या बारीक काटक्या वाळतात, कारण मुळांपासून सगळ्यात लांब त्याच. मध्येच एखाद्या वर्षी मोहोर असा येतो की घरचे खूश होतात, यंदा आंबा लागला म्हणतात. अडचणीतली झाडं असं करतात. पुढच्या वर्षी अर्धा डेरा वाळलेला असतो.

आणि मग भिरूड. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचे भुंगे बाहेर पडतात, मादी सालीच्या चिरेत अंडी घालते, अळी आत शिरून महिनोन्‌महिने लाकूड खाते. तगड्या झाडात तिला शिरकाव अवघड. थकलेल्या झाडाची साल सैल, चिरा पडलेल्या, डिंक धड वाहत नाही. भराव घालून झालेला असतो पाच वर्षांपूर्वी, भोक दिसतं आज. माणूस भोकालाच दोष देणार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच आळीतल्या एका काकांनी बोलावलं. आंबा साठ-सत्तर वर्षांचा असेल. काकांनी उपाय सगळे करून ठेवले होते. भोकांत पेट्रोलचे बोळे, वरून क्लोरपायरीफॉस, कुणीतरी आणून दिलेली डायक्लोरव्हॉसची बाटली (ते औषध 2018 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे, पण जुन्या बाटल्या गावात कुठे ना कुठे निघतात), आणि सगळ्यात मोठ्या ढोलीत सिमेंट. बुंध्याला गेरू-चुना लावला होता, तो मात्र सुंदर दिसत होता.

मी भोकाकडे नंतर पाहिलं. आधी बुंधा जिथे जमिनीत जातो तिथे बसले. निरोगी जुना आंबा जमिनीपाशी पसरतो, मुळांचे फुगवटे चहूकडे दिसतात. हा आंबा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेला होता. एवढं दिसलं की निदानाचं निम्मं काम होतं. मग नखाने फांद्या खरवडल्या. साल खरवडल्यावर खाली हिरवं ओलं निघालं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं निघालं तर गेली. गोदामाच्या भिंतीकडची बाजू जवळजवळ सगळी गेली होती, घराकडची बरी होती. म्हणजे भिंतीच्या पायासाठी खणताना त्या बाजूची मुळं तुटली होती आणि वरून भराव. खोडावर वाळवीचे मातीचे पापुद्रे होते, काकांना त्यांचीच जास्त धास्ती. पापुद्रा काढून दाखवला, खालची साल धड होती. वाळवी बहुतेक वेळा मेलेली सालच खाते. सालीवरच्या पांढऱ्या-राखाडी दगडफुलाचंही तेच, तो रोग नाही. एका फांदीवर बांडगूळ होतं, ते मात्र काढायला सांगितलं, आणि नुसतं ओरबाडून नाही, तर ते जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदीसकट. नाहीतर फुलटोच्या पक्षी त्याची फळं खाऊन चिकट बी पुढच्या फांदीला पुसत राहतो.

मग काकांना विचारलं, इथली जमीन कधी उंच झाली? ते म्हणाले, कुठे झाली? काकू आतून ओरडल्या, "नातीच्या बारशाला मुरूम टाकला ना!" नात आता शाळेत जाते. झाडाची केस बायकांकडून घ्यावी असं माझं मत उगाच झालेलं नाही. पुरुष औषधाचं नाव सांगतात, बायका तारीख सांगतात.

खणल्यावर दोन फूट मुरूम निघाला. खालच्या जुन्या सालीला आंबूस, कुजका वास. काही ठिकाणी ती काळी पडून बोटाने निघत होती, पण घेराच्या निम्म्याहून जास्त भागात जिवंत होती. म्हणून प्रयत्न करण्यात अर्थ होता. बुंध्याभोवतीचा मुरूम हाताने काढला, यंत्राने नाही. आठ फुटांवर दगडांचा कोरडा गडगा रचला, चुना-सिमेंट न घालता. त्यातून बाहेरच्या गटाराकडे पाणी जायला वाट ठेवली. ही वाट विसरली तर तो खड्डा जूनमध्ये विहीर होतो आणि झाड भरावाऐवजी पाण्याने मरतं. गडग्याबाहेर, जिथे काँक्रीट नव्हतं तिथे, बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने अरुंद चर खणून त्यांत खडी आणि कुजलेलं शेणखत भरलं, मुळांना हवा मिळावी म्हणून. वर पालापाचोळा. युरिया अजिबात नाही. मुळं नसलेल्या झाडाला युरिया घालून पानं मागायची, हा तर छळ आहे.

भिरूड राहिलाच. त्याचं काम सोपं. सायकलच्या ब्रेकची तार पुढे वाकवून भोकात घालायची, अळी लागली तर ओढून काढायची, नाही लागली तर औषधाचा बोळा आत सारून ओल्या मातीने तोंड लिंपायचं. ताजा भुसा पडायचा थांबला की समजायचं. ढोलीतलं सिमेंट मी काढायला लावलं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेला भाग भोवतीने भिंती घालून कोंडतं. आत सिमेंट कोंबताना माणसं त्या भिंतीच खरवडून फोडतात, आणि वाऱ्यात झाड हलतं तेव्हा सिमेंट हलत नाही.

शिगो जखमेला काहीही फासू नका असंही सांगत. इथे मी त्यांचं ऐकत नाही. त्यांच्या थंड प्रदेशात आणि आमच्या जूनमध्ये फरक आहे. इथे ओल्या हवेत फांदीमरीची बुरशी ताज्या कापावर बसते, म्हणून आंब्याच्या कापाला मी बोर्डो पेस्ट लावतेच. वड-पिंपळाला लावत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन वेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र. फवारायचं असेल तर पाणी शंभर लिटर. तयार द्रावणात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हे मिश्रण निघालं फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या द्राक्षमळ्यांत. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडच्या वेलींवर निळसर, चवीला कडू काहीतरी शिंपायचे. 1882 साली मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवड्याने सगळा मळा झडलाय आणि रस्त्याकडच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. नजर असलेला माणूस रस्त्याकडची रांग आणि आतली रांग यांत फरक का, हे विचारतो. मला झाडाच्या डॉक्टरकडून एवढंच हवं असतं.

काकांना मात्र सलाईन हवं होतं. तेलंगणातल्या महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री वडाला 2018 साली सलाईनच्या बाटल्या लटकावल्याचे फोटो आले, तेव्हापासून ही मागणी गावोगाव होते. सातशे वर्षांचा म्हणतात तो वड, वाळवीने पोखरलेला, बाटल्यांत पातळ केलेलं क्लोरपायरीफॉस. तिथे रोग वाळवीचा होता, माणसं जाणकार होती, आणि फांद्यांना काँक्रीटचे आधारही दिले होते. फोटोत फक्त बाटल्या आल्या. आता आमच्याकडे दोन गावं सोडून एका जांभळाला कुणीतरी साखर-मिठाचं पाणी लटकावलंय. त्याच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक चिकटलेत, तिकडे कोणाचं लक्ष नाही.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय लिहिला. त्यात आजारी झाडाची लक्षणं दिली आहेत. पानं फिकी पडणं, अंकुर न वाढणं, फांद्या सुकणं, रस गळणं. उपाय सांगताना आधी शस्त्राने खराब भाग साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप लावा, असा क्रम आहे. वावडिंग-तुपाचं मी सांगू शकत नाही, पण क्रम मला पटतो. आधी काढणं, मग लावणं. आपल्याला लावणं आवडतं, काढणं नको असतं. आणि मुरूम काढणं तर फारच नको असतं, कारण त्यासाठी पैसे मोजलेले असतात.

याचा दोष एकट्या गोदामवाल्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. गावातल्या निम्म्या घरांची चूल भाड्यावर पेटते, आमचंही शेत आज एका शेडखाली आहे. आणि चिखल नको म्हणून स्वतःच्या अंगणात बुंध्यापर्यंत फरशी बसवणारे आपणच. देवळापुढच्या वडाला पार बांधून त्यात खोडाभोवती माती भरून वरून टाइल लावणारेही आपणच. वड सोसतो, त्याला नवी मुळं फुटतात. आंबा, फणस सोसत नाहीत, फणस तर मुळीच नाही. तरी भक्तीने केलेला भराव तो भरावच.

पण नियमांचं काय, ते विचारायला हवं. शहरांसाठी 1975 साली आलेल्या वृक्ष संरक्षण आणि जतन कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. आमच्या गावांच्या वेशीत तो कुठवर लागतो, हा वाद वकिलांकडे सोडू. मुद्दा हा, की दोन फूट मुरूम खोडाला टेकवणं ही इजा आहे असं शहरातही कोणी मानताना दिसत नाही. कुऱ्हाड दिसली तर पंचनामा होतो, डंपर दिसला तर विकास होतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. एक मीटर आमच्या भरावाला पुरणार नाही, पण निदान कुणीतरी जमिनीकडे पाहिलं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1972 पासून आंब्यावर जे काम केलं ते मी नोकरीभर वापरलं. पण ते बागायतदाराचं ज्ञान आहे, फळासाठीचं. शेतीची झाडं कृषी खात्याची, जंगलातली वनखात्याची, शहरातली पालिकेची. गोदामाच्या कडेला उभ्या एकट्या रायवळाला कोणाच्याच रजिस्टरात जागा नाही. आमच्या गावांच्या बांधकामाचं नियोजन एमएमआरडीए बघते. तिथे जाणाऱ्या नकाशावर गटार, गेट, ट्रक वळायची जागा सगळं दाखवतात. त्याच नकाशावर झाडं, त्यांच्या बुंध्याची आजची पातळी आणि भरावानंतरची पातळी दाखवायला लावा. भराव टाकण्याआधी आणि नंतर बुंध्याचा एक-एक फोटो ग्रामपंचायतीत जमा करा. पातळी वाढणार असेल तर भरावाआधीच गडगा आणि पाण्याची वाट. आधी केला तर हा खर्च मुरुमाच्या दोन-चार खेपांएवढा. पाच वर्षांनी केला तर खणणारी माणसं, औषधं, छाटणी, आणि तरीही झाड जगेल याची हमी मी देत नाही.

कारण सगळी जगत नाहीत. बुंध्याच्या पूर्ण घेराची साल काळी पडून सुटलेली असेल तर मी तोडा म्हणते, आणि घरच्यांना ते आवडत नाही. अशा झाडावर महिनाभर औषधं ओतून उपयोग नसतो, मधल्या काळात त्यातले भुंगे शेजारच्या आंब्याकडे जातात. तोडायची परवानगी घ्या, पोखरलेलं लाकूड पावसाआधी जाळून टाका. दोन माणसं माझ्याशी यावरून बोलत नाहीत, चालायचंच.

काकांचा आंबा कसा आहे विचाराल तर या पावसाळ्याआधी सांगता येणार नाही. घराकडच्या बाजूला पालवी आली आहे, भिंतीकडची वाळलेली फांदी छाटली आहे. जानेवारीपासून मेपर्यंत आठवड्यातून एकदा, बुंध्यापाशी नाही, फांद्यांच्या घेराच्या कडेला सावकाश पाणी द्यायला सांगितलंय. दोन पावसाळे काढले तर बोलू.

भांडण झालं ते गडग्यावरून. शेजारच्या गोदामाच्या मालकाचं म्हणणं, आठ फुटांचं वर्तुळ सोडलं तर टेम्पो वळत नाही. मी म्हटलं, वळवून दाखवा. ड्रायव्हरने वळवला. दोनदा रिव्हर्स घ्यावा लागला एवढंच.